शिवा मढवीची चौथी फेरी

रिंगच्या तीन बाजूंना तीन उंच स्टुलं मांडतात आणि त्यांच्यावर तीन मुके बसवतात. त्यांना जज म्हणतात. बाकी सगळ्यांना तोंड असतं. रेफरी ओरडतो, कोच शिव्या घालतो, डॉक्टर प्रश्न विचारतात, आणि प्रेक्षकांचं तर विचारूच नका. जजनं मात्र फेरी संपली की चिठ्ठीवर दोन आकडे लिहायचे, चिठ्ठी द्यायची आणि पुढच्या घंटेची वाट बघायची. कोणाशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, टाळी वाजवायची नाही. शिंक आली तरी ती आल्यापावली परत पाठवावी अशी अपेक्षा असते.

मुस्तफा सरखोतांना हे काम मनापासून आवडायचं. मूळचे तळोज्याचे, नोकरी सगळी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत गेली, आणि तिथं ते एकच गोष्ट शिकले होते. आपल्या टेबलावरची फाईल चोख करायची, पुढच्या टेबलात डोकं घालायचं नाही. तरुणपणी स्वतः बॉक्सिंग खेळले होते. नाकाचं हाड मोडून घरी आले तेव्हा सईदानं, त्यांच्या बायकोनं, हातातलं लाटणं खाली न ठेवता सांगितलं की आता एक तर हे ग्लोव्हज घरात राहतील नाही तर मी. ग्लोव्हज गेले. पण रिंगचं वेड जाईना, म्हणून ते परीक्षा देऊन जज झाले. मार न खाता रिंगजवळ बसायला मिळतं, यापेक्षा माणसाला आणखी काय हवं?

त्या रविवारी संध्याकाळी वाशीच्या प्रदर्शन हॉलात जो प्रकार होता, त्याला मुस्तफाभाई मनातल्या मनात तमाशा म्हणत होते. आयोजकांनी जागोजागी बोर्ड लावले होते: ‘पिंजरा विरुद्ध रिंग’. म्हणजे असं की एमएमए नावाचा जो नवा खेळ आहे, ज्यात पिंजऱ्यात दोघांना सोडतात आणि ठोसा, लाथ, कुस्ती, गळा आवळणं सगळं चालतं, त्यातल्या एका नामांकित पोराला आणून थेट व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उभं करायचं. सहा फेऱ्या, फक्त ठोसे. पोहणाऱ्याला झाडावर चढवून टाळ्या वाजवायच्या, तसलाच हा उद्योग. पण आजकाल लोकांना असंच काहीतरी लागतं.

पोरगा होता शिवा मढवी. घणसोलीजवळच्या तळवलीचा, आगरी घरातला. महापेच्या एका जिममध्ये घडलेला, पिंजऱ्यात अजून एकदाही न हरलेला. त्याच्यासमोर पुण्याचा धर्मराज, शाळेपासून बॉक्सिंगशिवाय दुसरं काही न केलेला. तळवलीचं निम्मं गाव टेम्पो भरून आलं होतं. पहिल्या रांगेत शिवाची आई पुतळाबाई बसल्या होत्या. कॅमेरा दर दोन मिनिटांनी त्यांच्याकडे वळायचा, आणि पडद्यावर स्वतःला बघून त्या दर वेळी पदर सारखा करायच्या.

सामन्याआधी सुपरवायझर संघप्रिया मॅडमनी तिन्ही जजना एक सूचना दिली होती. आयोजकांची इच्छा अशी की चौथ्या फेरीनंतर तोपर्यंतचे गुण माईकवरून जाहीर करायचे, म्हणजे लोकांची मजा वाढते. मुस्तफाभाईंनी नाक मुरडलं, पण मान हलवली. नियम लेखी होता, म्हणजे प्रश्न मिटला.

पहिली फेरी अपेक्षेप्रमाणे धर्मराजची झाली. शिवा उभा राहायचा तोच मुळी चुकीचा. पाय फाकवून, छाती समोर उघडी टाकून, जणू आता कोणीतरी येऊन आपले पाय ओढणार आहे. हात छातीशी, हनुवटी मोकळी. ठोसा आला की सरळ मागे जायचा आणि दोरांना जाऊन टेकायचा. धर्मराज जवळ आला की याचे हात आपोआप त्याच्या कमरेकडे जायचे, उचलून आपटायला. मग रेफरी हौसेराव मध्ये पडून दोघांना सोडवायचे आणि बोट दाखवून ताकीद द्यायचे. मुस्तफाभाईंनी दहा-नऊ लिहिलं. दहा जिंकणाऱ्याला, नऊ दुसऱ्याला.

दुसऱ्या फेरीत मात्र त्यांना स्टुलावर जरा पुढे सरकून बसावं लागलं. पोरगा मठ्ठ नव्हता. आपल्याला बॉक्सिंग येत नाही हे त्याला कळलं होतं आणि त्यानं तेच हत्यार केलं. ठोसे भलत्याच लयीत यायला लागले. जिथून कोणी मारत नाही तिथून उजवा हात वरून फिरून यायचा, शेतातलं खोड फोडल्यासारखा. धर्मराजला सवयीची एकही गोष्ट समोर दिसेना. तो गोंधळला, मागे गेला, दोनदा चांगला सडकून निघाला. तळवलीकरांनी हॉल डोक्यावर घेतला. ती फेरी शिवाची आणि तिसरीही बरीचशी त्याचीच. मुस्तफाभाईंना स्वतःशी कबूल करावं लागलं की आपण ज्याला तमाशा म्हटलं, तो मुलगा मनापासून लढतोय.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी, घंटा वाजता वाजता, धर्मराजचा डावा हात वळून शिवाच्या कानामागे बसला.

आवाज मोठा झाला नाही. लोकांना काही दिसलंही नसेल. पण मुस्तफाभाई त्या बाजूलाच होते, आणि त्यांनी शिवाचे डोळे बघितले. मुलगा आपल्या कोपऱ्याकडे निघाला तो दोन पावलं भलत्याच कोपऱ्याकडे गेला, मग थांबला, मग हसला, मग वळला. लोकही हसले. मुस्तफाभाई हसले नाहीत. अशा हसण्यानंतर काय होतं ते त्यांनी तरुणपणी जवळून पाहिलेलं होतं.

चौथी फेरी सुरू झाली. थोड्याच वेळात दोघं एकमेकांना बिलगले, नेमके मुस्तफाभाईंच्या समोर, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर. शिवाचं तोंड धर्मराजच्या खांद्यावर होतं. आणि त्याच्या उजव्या ग्लोव्हनं धर्मराजच्या पाठीवर टप टप टप केलं. भराभर, उघड्या पंज्यानं दार वाजवावं तसं. मग त्यानं दोन्ही हात सोडून दिले.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिस्पर्ध्याची पाठ थोपटली म्हणून! काय पोराचं मोठं मन, कसली खिलाडूवृत्ती! बॉक्सर एकमेकांना कधीकधी थोपटतात, नाही असं नाही. हौसेरावांनाही तेच वाटलं असणार. त्यांनी “ब्रेक!” म्हणून दोघांना अलग केलं.

मुस्तफाभाईंनी मात्र ते थोपटणं ओळखलं.

त्यांच्या मुलीनं, अफशानं, कॉलेजात असताना हौसेनं असल्याच एका जिममध्ये नाव घातलं होतं. पहिल्याच महिन्यात तिनं दिवाणखान्यातल्या सतरंजीवर बापाचा हात पकडून असा काही पिळला की मुस्तफाभाईंना आपले सगळे पूर्वज दिसले. ते दातावर दात दाबून गप्प राहिले. “अब्बा, टॅप करा ना!” ती ओरडली. म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. तिनं हात सोडून समजावलं. “सोड म्हणायचं असेल तर समोरच्याच्या अंगावर तीनदा हात आपटायचा. तोंडाने कोणीच सांगत नाही, अब्बा. तोंडाने नाही म्हणायला लाज वाटते माणसाला. म्हणून हाताने सांगायचं. टॅप झालं की त्याच क्षणी सोडायचं, मग कोणी काही विचारत नाही. ते सगळ्यात पहिलं शिकवतात. ठोसा नंतर.”

सगळ्यात पहिलं शिकवतात. मुलाच्या डोक्यात दिवे जात-येत असतील तेव्हा जे सगळ्यात पहिलं शिकलं तेच हातातून निघणार. शिवानं हार मानली होती. त्याच्या खेळात तो सामना तिथंच संपला असता, पिंजऱ्याचा रेफरी झेप घेऊन मध्ये पडला असता. हा खेळ रानटी म्हणून आपण नावं ठेवतो, आणि त्यात माणसाला थांबायची सोय आहे. आपल्या सभ्य खेळात पडलेल्यालासुद्धा आकडे मोजून पुन्हा उभं करतात, आणखी खायला.

आणि शिवा हात खाली सोडून उभाच होता. संपलं म्हणून. धर्मराजनंही बघितलं, तोही क्षणभर थांबला, कारण हात खाली सोडलेल्या माणसाला मारायला त्यालाही नको वाटलं. हौसेरावांनी टाळी वाजवून पुन्हा लढायचा आवाज दिला, “बॉक्स!”

धर्मराजनं मारलं. त्याचं काय चुकलं? रेफरीनं सांगितलं होतं.

मुस्तफाभाईंना वाटलं, ओरडावं. तोंड उघडलंही असेल, त्यांना नंतर नीट आठवेना. पण जिथं पंख्यांचा, डीजेचा आणि तळवलीच्या ढोलांचा आवाज एकत्र झालाय तिथं त्यांचा कचेरीतला मऊ आवाज कुठवर पोचणार? शिवाय आयुष्यात त्यांनी जजच्या स्टुलावरून ब्र काढला नव्हता. ते काम त्यांच्या जिभेला येतच नव्हतं.

पुन्हा दोघं बिलगले. पुन्हा तेच, टप टप टप, या वेळी दंडावर. या वेळी शिवानं मान वळवून हौसेरावांकडे बघितलंही. त्या बघण्यात एवढी साधी अपेक्षा होती, आजारी मूल डॉक्टरकडे बघतं तशी. हौसेराव म्हणाले, “पकडू नको, लढ.”

मग मुलगा लढला. काय करणार बिचारा? दार वाजवून झालं, कोणी उघडलं नाही. त्यानं डोळे अर्धवट मिटून दोन्ही हात फिरवायला सुरुवात केली. आणि नशिबाची चेष्टा बघा, त्यातले निम्मे ठोसे लागले. स्वच्छ लागले. धर्मराजचं नाक फुटलं. तो मागे मागे गेला आणि फेरीचं शेवटचं मिनिट सबंध शिवाचं झालं. हॉलमध्ये कोणी बसून राहिलं नव्हतं. पुतळाबाई उभ्या राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत-हसत होत्या, आणि पडद्यावर त्याच दिसत होत्या. ज्यानं दोनदा हार मानली होती तो मुलगा फेरी जिंकत होता.

घंटा झाली. मुस्तफाभाईंच्या हातात पेन होतं.

ठोसे कोणाचे जास्त लागले? शिवाचे. पुढे कोण येत होतं? शिवा. चिठ्ठीवर याशिवाय दुसरं काही विचारलेलंच नसतं. तो मुलगा अजून लढतीत आहे की मनानं बाहेर पडलाय, असा रकाना नसतो. त्यांनी क्षणभर विचार केला की उलटं लिहावं का. पण उलटं लिहून काय होणार, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि खोटं लिहायची हाताला सवय नव्हती. दहा शिवाला, नऊ धर्मराजला. चोख काम.

संघप्रिया मॅडम चिठ्ठी घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी चिठ्ठी सोडली नाही. दोन्हीकडून धरलेला तो कागद मध्ये तसाच ताणला गेला.

“मॅडम, त्यानं टॅप केलं.”

“काय?”

“मढवीनं. दोनदा. त्याला थांबायचंय. सामना थांबवा.”

मॅडमनी आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. “सरखोत साहेब, तुम्ही जज आहात. असं बोलता येत नाही तुम्हाला.”

“माहिती आहे. पण त्यांच्यात टॅप केलं की...”

“बॉक्सिंगमध्ये टॅप नसतो. ते तुम्हाला मी सांगायचं का?” त्यांचा आवाज कठोर नव्हता, घाईचा होता. “थांबवायचं असेल तर रेफरी थांबवतील, डॉक्टर थांबवतील, नाहीतर त्याचा कोच. बघा, डॉक्टर गेलेत त्याच्याकडे. द्या चिठ्ठी.”

खरंच डॉक्टर शिवासमोर वाकले होते. डोळ्यांत टॉर्च मारून त्यांनी काहीतरी विचारलं, शिवानं उत्तर दिलं. बहुधा कुठे आहेस, वार कोणता, असलंच. मग त्यांनी विचारलं असणार की लढतोस ना? शिवानं मान हलवली. हो. अख्खं गाव टेम्पो करून आलंय, आई समोर उभी आहे, कॅमेरा नाकाशी आहे, आणि तुम्ही त्याला तोंडानं नाही म्हणायला सांगताय! मुस्तफाभाईंनी चिठ्ठी सोडली.

मग माईकवर गुण वाचले गेले. एका जजनं धर्मराजला पुढे ठेवलं होतं, एकानं बरोबरी दिली होती. “आणि जज मुस्तफा सरखोत...” निवेदकानं आवाज ताणला, “एकोणचाळीस-सदतीस... शिवाऽऽ मढवी!”

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. शिवाच्या कोपऱ्यात त्याचा बॉक्सिंगचा कोच कुंदन गुडघ्यांवर बसून त्याच्या मांड्या चोळत होता. तो ताडकन उठला. आयोजकांनीच नेमलेला, पिंजऱ्याशी संबंध नसलेला माणूस, त्याचं-शिवाचं जेमतेम दोन महिन्यांचं नातं. त्यानं शिवाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पडद्यावरचा आकडा दाखवला. शिवानं पडद्याकडे बघितलं. त्याला आकडा दिसला की नाही, देव जाणे.

पाचवी फेरी मुस्तफाभाईंना बघवेना, आणि बघणं तर त्यांचं काम होतं. जज मान फिरवू शकत नाही. धर्मराजनं नाकातलं रक्त पुसलं, डोकं थंड केलं आणि त्याला जे येत होतं ते सुरू केलं. डावा हात, डावा हात, उजवा. शिवाचे पाय आता फाकलेले नव्हते, एकमेकांत अडकत होते. तो पडत नव्हता हीच पंचाईत होती. पडला असता तर हौसेरावांनी मोजलं असतं, डोळ्यांत बघितलं असतं. पण कुस्तीनं घडवलेले पाय सहजी पडत नाहीत. आणि अधूनमधून तो वरून येणारा उजवा हात फिरायचा, कधी लागायचा, आणि लोकांना वाटायचं, आला, पोरगा परत आला.

टॅप मात्र त्यानं पुन्हा केला नाही. दोनदा सांगून पाहिलं होतं.

पाचव्या फेरीची घंटा झाली. मुस्तफाभाईंनी चिठ्ठी लिहिली, स्टुलावर ठेवली आणि खाली उतरले. जजनं सामना चालू असताना स्टूल सोडल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, पाहिलं तर नव्हतंच. रिंगच्या कडेकडेनं, फोटोवाल्यांना ओलांडून, ते शिवाच्या कोपऱ्याशी पोचले आणि त्यांनी कुंदनची पँट खालून ओढली.

“टॉवेल टाका, सामना सोडा,” ते म्हणाले. “त्याला थांबायचंय. चौथ्या फेरीत टॅप केलंय त्यानं, मी बघितलंय.”

कुंदननं खाली बघितलं. त्याला आधी माणूस कळला नाही, मग छातीवरचा बिल्ला दिसला. त्याचे डोळे विस्फारले. “काका, तुमी जज ना? सरखोत तुमीच ना?”

“हो, पण ऐका...”

“तुमच्याच कार्डावर आपण पुढे आहोत! आणि तुमीच बोलता टॉवेल टाक?” तो हसला, अविश्वासानं. “एकच राऊंड राहिलाय, काका. तुमी टेन्शन नका घेऊ. पोरगा एकदम फिट आहे. काय रे शिवा, फिट ना?”

शिवानं मान हलवली. तो मुस्तफाभाईंकडे बघत होता, पण बघत नव्हता. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी दिसत होती, की सुजेमुळे तसं वाटत होतं? मुस्तफाभाईंना ठरवता येईना. हातभर अंतर होतं. दोर पकडून वर चढावं, मध्ये जाऊन बसावं, धिंगाणा घालावा, असं काहीतरी करणारी माणसं जगात असतात. तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या दंडाला धरलं. संघप्रिया मॅडम होत्या, मागे दोन सुरक्षारक्षक.

“साहेब, स्टुलावर बसा,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर सामना रद्द होईल आणि सगळं तुमच्यावर येईल. प्लीज.”

रद्द होईल! तेच तर हवं होतं. एवढं साधं गणित त्यांना त्या क्षणी सुचू नये? त्यांनी म्हणायला हवं होतं, मग करा रद्द. पण तीस वर्षं ज्यानं वरिष्ठांचा ‘प्लीज’ ऐकला की खुर्ची सरळ केली, त्याचे पाय आधी वळले आणि डोकं नंतर. ते जाऊन बसले. सहाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा त्यांना ते वाक्य सुचलं, आणि मग अख्खी फेरी ते तेच वाक्य मनात घोळवत बसले.

शिवा सहावी फेरी उभ्यानं संपवून आला. शेवटच्या घंटेला सगळा हॉल उभा होता, धर्मराजसुद्धा टाळ्या वाजवत होता. निकाल धर्मराजच्या बाजूनं गेला, आणि तो बरोबर होता. हौसेरावांनी धर्मराजचा हात वर केला. दुसऱ्या हातानं त्यांनी शिवाचा हात धरला होता, तो खाली निसटला. शिवा आपल्या कोपऱ्यात गेला, स्टुलावर बसला, आणि कुंदननं त्याचे ग्लोव्हज सोडवायला घेतले तेव्हा तो हळूच त्याच्या खांद्यावर कलंडला. कुंदनला वाटलं, रडतोय. त्यानं त्याची पाठ थोपटली. लोक अजून टाळ्या वाजवतच होते.

गाडीतळावर हौसेराव मुस्तफाभाईंना गाठायला आले. शिवाला घेऊन ॲम्ब्युलन्स गेली होती. हौसेरावांचा शर्ट अजून दोन्ही पोरांच्या रक्तानं माखलेला होता.

“मॅडम काहीतरी म्हणत होत्या. टॅप का काय,” ते म्हणाले. “खरं आहे?”

मुस्तफाभाईंनी मान हलवली.

“मला वाटलं पाठ थोपटतोय.” हौसेरावांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. “माझ्याकडे बघितलं हो त्यानं. मी म्हटलं, लढ.”



दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेरुळच्या इस्पितळात गेले. सईदा म्हणाली होती, कशाला जाता, तुम्हाला बघून त्यांना त्रासच होईल. झालं उलटं. अतिदक्षता विभागाबाहेर तळवलीची दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी मुस्तफाभाईंना ओळखलं आणि सगळी उठून उभी राहिली. हेच ते जज, शिवाला पुढे ठेवणारे! एकानं खुर्ची आणली, एक चहा आणायला पळाला. शिवाचं रात्रीच ऑपरेशन झालं होतं. डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टर थांबा म्हणत होते, यापेक्षा जास्त काही म्हणत नव्हते. चहा आला, आणि मुस्तफाभाईंनी तो घेतला, कारण नाही म्हणणं त्याहून अवघड होतं.

पुतळाबाई बाकावर बसल्या होत्या. रात्रभर तिथंच असाव्यात. त्यांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मुस्तफाभाईंना जागा करून दिली.

“बसा, साहेब. तुमी त्या उंच स्टुलावर होताव ना? एकदम जवल?”

“हो.”

“मना त्यातला काय कलत नाय. मी नुसती त्याच्या तोंडाकरं बगत होते.” “तुमी जानकार मानूस. मना सांगा, कसा खेलला माजा शिवा?”

कसा खेळला? हे सांगायला तर त्यांना काल स्टुलावर बसवलं होतं. पाय चुकीचे पडत होते, हात खाली होते, पण उजवा हात चांगला होता, डोकं चालत होतं, शिकला असता. हिंमत होती. मुस्तफाभाई म्हणाले, “चांगला खेळला. फार चांगला खेळला, ताई.”

पुतळाबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू म्हणण्याइतकं नव्हतं. “सगली तेच बोलतान. बोलतान, शेवटपरत हार नाय मानली पोरानी. पेपरवाला पन तेच बोलला.” त्यांनी मुस्तफाभाईंकडे बघितलं. “खरा ना?”

हो म्हणायला एक शब्द लागत होता. भिंतीशी बसलेले सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्या माणसांना यापुढे जे काही सोसायचं होतं त्यात तेवढी एकच गोष्ट हातात धरायला होती. पण मुस्तफाभाई काल अख्खी सहावी फेरी मूग गिळून बसले होते, आणि आज पुन्हा बसणं त्यांना जमेना.

“मानली होती, ताई,” ते हळू म्हणाले. “चौथ्या फेरीत. त्यांच्या खेळात हातानं थोपटून सांगतात, आता सोडा म्हणून. त्यानं सांगितलं. दोनदा सांगितलं.”

पुतळाबाईंना ते समजायला वेळ लागला. पिशवीचे बंद त्यांनी बोटाभोवती गुंडाळले, सोडले.

“त्यानी सोडा सांगला?”

“हो.”

“आनि कोनाला कललाच नाय?”

मुस्तफाभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“मला कळलं होतं.”

“मंग?”

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्याला कळतं तो पुढे काहीतरी करतो, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि ते काय केलं ते त्या विचारत होत्या. मॅडमना सांगितलं होतं. कोचला सांगितलं होतं. स्टूल सोडून खाली उतरलो होतो. पुन्हा जाऊन बसलो होतो. यातलं सगळं सांगता आलं असतं आणि सगळं खरं होतं.

“मंग, साहेब?” पुतळाबाईंनी पुन्हा विचारलं, आणि उत्तर ऐकायला त्या जरा जवळ सरकल्या.